बैठकीत न बोललेलं

(आपल्या १९८५ च्या तुकडीच्या चाळीस वर्षांच्या स्नेहमेळाव्यात सकाळच्या सत्रात झालेलं भाषण.)



संयोजकांनी मला दोनदा बजावलं आहे की शाळेच्या आठवणी जेवणानंतर. सकाळच्या सत्रात प्रत्येकानं आपल्या नोकरी-धंद्यातलं, पण इतरांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी वीस मिनिटांत सांगायचं. आपल्या डॉक्टर मैत्रिणीनं मधुमेहावर सांगितलं, बँकेतल्या मित्रानं मृत्युपत्रावर सांगितलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही सगळे अगदी चिडीचूप बसला होतात. माझा विषय त्यामानानं रुक्ष आहे. कामाच्या ठिकाणी पाच-सात माणसांनी एकत्र बसून एखाद्या प्रश्नावर विचार कसा करायचा, हा तो विषय. कंपन्यांमध्ये त्याला ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात. आपण विचारमंथन म्हणू.

मी अंबरनाथ, डोंबिवली आणि तळोजा इथल्या रासायनिक कारखान्यांत चौतीस वर्षं काढली. या धंद्यात बैठक नीट झाली नाही तर नुसता चहा-बिस्किटांचा खर्च वाया जात नाही. डोंबिवलीकरांना हे मी सांगायला नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा आपल्यापैकी कितीतरी जणांना घराच्या काचांवरून आठवतात. दोन्ही स्फोटांत कामगारांचे जीव गेले. त्यांची कारणं सांगणं हे चौकशी करणाऱ्यांचं काम आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण असा स्फोट झाला की संध्याकाळी प्रत्येक सोसायटीच्या गेटवर एकच प्रश्न विचारला जातो : आत कोणालाच कल्पना नव्हती का?

माझा अनुभव असा की कुठल्याही कारखान्यात काय बिघडू शकतं, याची कल्पना कोणाला तरी असतेच. कुठला व्हॉल्व्ह अडकतो, कुठला अलार्म रोज वाजतो म्हणून बंद करून ठेवलाय, कुठली पायरी घाईत गाळली जाते, हे त्या जागी आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. फक्त तो माणूस बैठकीत नसतो. आणि बैठकीत असला तर बोलत नाही. म्हणून बैठक चांगली झाली की वाईट, याचं माझं माप एकच आहे : ज्याला माहीत आहे, त्याचं म्हणणं टेबलावर आलं का?

आता नेहमीची बैठक कशी होते ते बघू. साडेतीनची वेळ दिलेली असते, ती पावणेचारला सुरू होते. साहेब म्हणतात, ‘बोला, मोकळेपणानं बोला, कोणाच्या काय काय आयडिया आहेत?’ शांतता. कोणी वहीत रेघोट्या मारतं, कोणी एसीकडे बघतं. मग साहेबच म्हणतात, ‘मला असं वाटतं की...’ आणि तिथं विचारमंथन संपतं. यापुढे जे बोलतात ते साहेबांच्या वाटण्याला दुजोरा देतात. एखादा नवा मुलगा काही वेगळं बोललाच, तर त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कोणीतरी म्हणतं, ‘ते आपण २०११ साली करून बघितलंय.’ तो मुलगा पुढची पाच वर्षं बोलत नाही. सव्वापाचला बैठक संपते. आणि मग खरी बैठक सुरू होते, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. ‘अरे, तो पंप मुळात उलटा बसवलाय, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य टपरीवर ऐकू येतं, तेच बैठकीत आलं असतं तर दोन लाख रुपये वाचले असते. कल्याणच्या गाडीत चौथ्या सीटवर टेकून जी चर्चा होते, ती कॉन्फरन्स रूममध्ये का होत नाही?

एक कारण अर्थातच भीती. नोकरीची, हसं होण्याची, साहेबांना वाईट वाटण्याची. दुसरं कारण या सभागृहातल्या बऱ्याच जणांना आतून माहीत आहे. आपण सगळे मराठी माध्यमाचे. पहिली नोकरी लागली तेव्हा बैठका इंग्रजीतून चालायच्या. मुद्दा डोक्यात तयार असायचा, पण वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असायचा. आपल्यातले काही जण त्या काळात ‘शांत स्वभावाचा’ म्हणून ओळखले गेले. वर्गात मॉनिटर असलेली मुलं होती ती! आज आमच्या कारखान्यात ऑपरेटर जळगावचा असतो, हेल्पर गोरखपूरचा, फिटर रत्नागिरीचा. त्यांना समोर बसवून आपण स्लाइडवर इंग्रजी मुद्दे दाखवतो आणि नंतर म्हणतो, कामगारांकडून सूचना येत नाहीत. म्हणून पहिला नियम अगदी साधा. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो, त्या भाषेत त्याला बोलू द्या. टिपण कोणत्या भाषेत करायचं ते नंतर बघता येतं.

भोपाळची बातमी आली तेव्हा आपण दहावीत होतो. डिसेंबर १९८४. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत सुरक्षा समिती सक्तीची झाली. समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समान संख्येनं हवेत, असं कायद्यानं सांगितलं. खुर्च्या समान झाल्या. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला बोलतं करणं हे काही कायद्याला जमत नाही. ते बैठक चालवणाऱ्याचं काम आहे, आणि ते शिकता येतं.

ब्रेनस्टॉर्मिंग ही कल्पना अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाची. १९३९ पासून तो आपल्या कंपनीत अशा बैठका घेऊ लागला आणि १९५३ साली त्यानं त्यावर जे पुस्तक लिहिलं ते जगभर गेलं. त्याचे नियम चार. कल्पना मांडली जात असताना टीका नको. कल्पना कितीही वेडगळ असली तरी चालेल. जितक्या जास्त तितकं बरं. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. गंमत म्हणजे ऑस्बॉर्ननं लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातले हिंदू गुरू चारशेहून अधिक वर्षं ‘प्रइ-बर्शना’ नावाची अशीच पद्धत वापरत आले आहेत! आता हा शब्द मला तरी आपल्या कुठल्या भाषेतला वाटत नाही. आपल्या संस्कृतच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी तो कधी ऐकला असेल तर जेवताना जरूर सांगावं.

पण ऑस्बॉर्नच्या दाव्याची परीक्षा झाली तेव्हा निकाल वेगळाच लागला. १९५८ साली येल विद्यापीठात चार-चार जणांचे गट एकत्र बसवले, आणि दुसरीकडे तेवढीच माणसं एकेकटी बसवली. एकेकट्या चौघांच्या कल्पनांची बेरीज केली, पुनरुक्ती वगळली, तरी ती एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जवळजवळ दुप्पट निघाली. असं का होतं, याचा शोध डीएल आणि श्ट्रोबे या दोन संशोधकांनी घेतला आणि तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. कारणं अनेक, पण त्यांना सापडलेलं मोठं कारण अगदी घरगुती होतं. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत असतात, आणि वाट बघताना एकतर आपला मुद्दा विसरतात किंवा तोच घोकत बसतात आणि नवं काही सुचत नाही.

मग काय, एकत्र बसायचंच नाही का? तसं नाही. सुचायचं काम एकेकट्यानं चांगलं होतं, आणि सुचलेल्याची पारख, जोडणी, दुरुस्ती ही सगळ्यांनी मिळून चांगली होते. आपण या दोन्ही गोष्टी एकाच तासात, एकाच वेळी, सगळ्यांच्या आरडाओरड्यात करू बघतो, तिथं चुकतं. माझ्या कामात जी पद्धत टिकली, ती आता क्रमानं सांगतो.

पहिलं काम प्रश्न ठरवण्याचं. प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहिता आला पाहिजे. ‘उत्पादन कसं वाढवावं?’ हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. त्यावर ‘सगळ्यांनी मन लावून काम करावं’ अशीच उत्तरं येतात. ‘बॅच संपल्यावर रिअ‍ॅक्टर धुवायला साडेतीन तास लागतात, ते दोन तासांवर कसे आणता येतील?’ हा प्रश्न झाला. त्यावर धुणारा माणूस बोलू शकतो. ‘ब्रशचा दांडा आखूड आहे’ असं तो म्हणतो, आणि तिथून बैठक सुरू होते.

चुकीचा प्रश्न किती महाग पडतो, याचं आमच्या धंद्यातलं उदाहरण इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो या गावचं आहे. तिथल्या कारखान्यात सहा रिअ‍ॅक्टर ओळीनं होते. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा गेलेला दिसला. बैठक झाली. बैठकीपुढचा प्रश्न होता : पाचवा काढून कारखाना लवकरात लवकर पुन्हा चालू कसा करायचा? उत्तर मिळालं, चौथा आणि सहावा रिअ‍ॅक्टर तात्पुरत्या पाइपनं जोडायचा. त्या जोडणीचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या जमिनीवर खडूनं काढलं गेलं. पाइपवर ताण किती येईल याचं नीट गणित झालं नाही. ते ज्यानं विचारलं असतं त्या वर्क्स इंजिनिअरची जागा रिकामी होती. १ एप्रिलला कारखाना चालू झाला, १ जूनला उडाला. २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून तेवढीच, कारण कचेऱ्या बंद होत्या. त्या बैठकीत बसलेली माणसं मूर्ख नव्हती आणि निष्काळजीही नसावीत. त्यांनी समोर ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. ‘तडा का गेला, आणि बाकीच्या पाचांत तो नाही कशावरून?’ हा प्रश्न फळ्यावर नव्हता. म्हणून बैठकीआधी मी दहा मिनिटं फक्त यासाठी ठेवतो की हाच प्रश्न बरोबर आहे का, हे सगळ्यांना विचारायचं.

दुसरं काम माणसं निवडण्याचं. पाच ते आठ पुरेत. बारा झाली की ती सभा होते. त्यात ज्याच्या हाताखालून ते काम रोज जातं असा एक तरी माणूस हवाच, शक्यतो दोन. एकटा असला की तो दबतो. त्याखेरीज एक माणूस बाहेरचा घ्यावा, दुसऱ्या विभागातला. त्याला ‘हे असं का?’ विचारायची लाज वाटत नाही, कारण त्याला ते माहीत नसणं अपेक्षितच असतं. एकदा आम्ही स्टोअर्समधल्या एका क्लार्कला बसवलं होतं. त्यांनी विचारलं, ‘हे ड्रम तुम्ही दोनदा का मोजता?’ याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. अकरा वर्षं ते दोनदा मोजले जात होते.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी : आधी दहा मिनिटं लिहायचं, गप्प बसून. प्रत्येकाला कोरे कागद द्यायचे, एका कागदावर एकच मुद्दा, नाव घालायचं नाही. मोबाइल बाजूला. लिहिता येण्याचा संकोच असेल त्याच्या शेजारी आधीच कोणीतरी बसवून ठेवायचं. ही दहा मिनिटं बैठक चालवणाऱ्याला फार जड जातात, शांतता भरून काढावीशी वाटते. भरू नये. चौथ्या-पाचव्या मिनिटानंतर खरं लिहिलं जातं, त्याआधी सगळे तेच ते लिहितात. हवं तर कागद शेजाऱ्याकडे सरकवत जायचं. रोरबाख नावाच्या जर्मन गृहस्थांनी १९६८ साली याचं गणितच बसवलं : सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांत कागद पुढच्याकडे. कागद सगळ्यांकडे फिरेपर्यंत अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. त्यातल्या शंभर टाकाऊ असल्या तरी आठ उरतात. नेहमीच्या बैठकीत आठ कुठे निघतात?

चौथं, बोलण्याचा क्रम. कागद गोळा करून वाचायचे आणि मग एकेकानं बोलायचं, सर्वांत कनिष्ठ माणसापासून. साहेब शेवटी. आपल्या लष्कराच्या कोर्ट मार्शलमध्येही सदस्यांची मतं कनिष्ठापासून सुरुवात करून घेतात. कारण उघड आहे. कर्नल आधी बोलला तर कॅप्टनचं मत कोणाला कळणार? साहेब स्वभावानं कितीही मोकळे असोत, त्यांच्या तोंडून आधी निघालेलं वाक्य हा ठराव असतो. माझे एक वरिष्ठ होते, ते बैठकीत मुद्दाम टिपण लिहायचं काम घ्यायचे. हातात पेन आणि मान खाली, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कोणाला अंदाज बांधता यायचा नाही. ही युक्ती फुकट आहे, जरूर वापरा.

पाचवं, सुचवणं आणि ठरवणं वेगळ्या वेळी करायचं. याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना कुठल्या कंपनीतला नाही, तो गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावातला आहे. या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये गावानं स्वतः बांबू विकायला सुरुवात केली, हे तुम्ही वाचलं असेल. त्यामागची पद्धत कमी लोकांना माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बरोबरीनं गावानं दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यासगट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात कोणीही यावं, बाहेरचा जाणकारही यावा, माहिती काढावी, वाद घालावा. तिथं निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही बहुमतानं हात वर करून होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत थांबायचं. याचा फायदा बघा. अभ्यासगटात हरण्या-जिंकण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून माणूस कच्चा विचारही बोलून दाखवतो. आमच्याकडे मी याची नक्कल केली. सोमवारी सुचवायचं, गुरुवारी ठरवायचं. मधल्या तीन दिवसांत लोक टपरीवर बोलतात, आणि या वेळी टपरीवरचं बोलणं गुरुवारी आत येतं.

सोमवारच्या बैठकीत ‘पण’ या शब्दाला बंदी. कोणी ‘पण’ म्हटलं की पाच रुपये डब्यात. एका वर्षात त्या डब्यातून दिवाळीचा फराळ झाला होता, त्यातले निम्मे पैसे क्वालिटी विभागाचे.

आता आमच्या धंद्यातली एक खास पद्धत सांगतो, कारण ती तुमच्याही उपयोगाची आहे. तिला हॅझॉप म्हणतात. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या आयसीआय या कंपनीत ती तयार झाली. नुसतं ‘काय बिघडेल ते सांगा’ म्हटलं तर माणसाला काही सुचत नाही. म्हणून कारखान्याचं ड्रॉइंग समोर पसरायचं, एकेक पाइपलाइन बोटानं धरायची आणि प्रत्येकीला ठरावीक शब्द लावून बघायचे. नाही. कमी. जास्त. उलट. शिवाय आणखी काही. थंड पाण्याची लाइन आहे? पाणी नाही आलं तर? कमी आलं तर? उलटं गेलं तर? हे काम कंटाळवाणं असतं, दिवसाचे सहा तास, असे कित्येक दिवस. पण त्या चार-पाच शब्दांमुळे प्रत्येकाला बोलायला जागा मिळते. ‘साहेब, तुमची रचना चुकीची आहे’ असं म्हणावं लागत नाही. ‘नाही’ या शब्दाला उत्तर द्यायचं असतं, एवढंच.

अशाच एका बैठकीची गोष्ट. कारखान्याचं नाव नको. रिअ‍ॅक्टरमध्ये एक रसायन हळूहळू सोडायचं असतं, आतली उष्णता वाढते, म्हणून बाहेरच्या आवरणातून ब्राइन, म्हणजे अतिथंड खारं पाणी, सतत फिरवायचं असतं. शब्द आला ‘नाही’. ब्राइन बंद पडलं तर? प्रोजेक्टवाल्यांनी सांगितलं, वीज गेली तर अर्ध्या मिनिटात जनरेटर सुरू होतो. ड्रॉइंगवर तसं लिहिलेलंही होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुढच्या लाइनकडे जाण्याआधी प्रत्येकाला कागद दिला आणि दोन मिनिटं थांबलो. एका कागदावर मराठीत लिहिलं होतं : ‘जनरेटर चालू होतो. ब्राइनचा पंप आपोआप चालू होत नाही. खाली जाऊन बटण दाबावं लागतं. रात्रपाळीला एकच माणूस असतो. पाच-सहा मिनिटं लागतात.’

खोलीत शांतता पसरली. त्या पाच-सहा मिनिटांत वर रसायन पडतच असणार, आणि थंड करणारं काहीच नसणार. आजवर काही झालं नव्हतं, कारण वीज नेमकी त्या टप्प्यावर रात्री गेली नव्हती, किंवा गेली तेव्हा तो माणूस धावत खाली गेला होता. लॉगबुकात त्याची नोंद नव्हती, कारण लॉगबुकात धावण्याचा रकाना नसतो. पुढच्या आठवड्यात पंप थांबला की रसायनाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल अशी व्यवस्था केली, आणि पंपाचं बटण रिअ‍ॅक्टरशेजारी आणलं. फार मोठा खर्च आला नाही. कागदावर नाव नव्हतं, तरी अक्षर कोणाचं ते मला कळलं होतं. पुढच्या बैठकीला तो ऑपरेटर स्वतःहून बोलला. पहिल्या बैठकीत ‘काही सूचना?’ एवढंच विचारलं असतं तर तो बोलला नसता, याची मला खात्री आहे. ड्रॉइंग काढणारे इंजिनिअर समोर बसलेले असताना ‘तुमच्या ड्रॉइंगमध्ये राहून गेलंय’ असं दहावी झालेला मुलगा तोंडानं कसं म्हणेल? कागदानं ते म्हटलं.

समुद्रमंथनाची गोष्ट आपल्याला शाळेत होती. त्यात आधी हलाहल निघालं, अमृत शेवटी. बैठकीतही असंच होतं. पहिल्या वीस मिनिटांत तक्रारी येतात, कँटीनच्या पोळ्यांपासून बढत्यांपर्यंत. बरेच साहेब इथंच वैतागतात आणि बैठक गुंडाळतात. तक्रारी फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून घ्याव्यात, खोडू नयेत. त्या लिहिल्या गेल्या हे दिसलं की माणूस पुढचं बोलतो.

सहावं आणि शेवटचं, बैठकीनंतरचं काम. प्रत्येक मुद्द्याचं काय झालं हे नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे : केलं, करतोय, किंवा करणार नाही आणि का. ‘करणार नाही’ लिहायला लोक घाबरतात. पण कारण दिलं तर माणसं नकार पचवतात. उत्तरच आलं नाही, तर पुढच्या वेळी कागद कोरा येतो. ठरलेल्या प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख असावी. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असं लिहिलं की कोणीच देत नाही.

आणि काही वेळा अशी बैठक घेऊच नये. निर्णय आधीच झालेला असेल तर सरळ सांगून टाकावा, विचारल्याचं नाटक करू नये. लोकांना ते लगेच कळतं. उत्तर पुस्तकात किंवा एखाद्या तज्ज्ञाकडे असेल तर तिथं जावं. व्हॉल्व्हवर किती दाब चालेल, हे सर्वानुमते ठरत नाही. आणि आग लागली असेल तेव्हा एकानं आज्ञा द्यायची आणि बाकीच्यांनी ऐकायचं. विचार त्याआधीच झालेला असावा लागतो.

हे सगळं रसायनांपुरतं नाही. आपल्यात शाळा चालवणारे आहेत, नर्सिंग होम चालवणारे आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी तर इथं अर्धा डझन तरी असतील. वॉर्डमध्ये रात्री काय होतं हे आयाबाईंना माहीत असतं. पाण्याची टाकी कधी भरून वाहते हे वॉचमनला माहीत असतं. त्यांना बोलवा, कागद द्या, आणि दहा मिनिटं गप्प बसा.

आता आजच्या दुपारबद्दल. आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी जमवलाय आणि त्याचं काय करायचं हे जेवणानंतर ठरवायचं आहे. गेले दोन महिने ग्रुपवर चार जण बोलताहेत आणि बाकीचे अंगठे दाखवताहेत. कोणी म्हणतं स्मार्ट बोर्ड, कोणी म्हणतं प्रवेशद्वार, कोणी म्हणतं व्यासपीठाला छत. पण मुख्याध्यापिका बाईंनी सकाळी जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. आपल्या वेळी पहिलीच्या चार तुकड्या होत्या. आज एक भरताना दमछाक होते. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत मराठी शाळांची हीच गोष्ट आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांची मुलं इंग्रजी माध्यमात शिकली, हेही आपल्याला माहीत आहे. त्यावर कोणाला दोष देण्यासाठी मी बोलत नाही. पण प्रवेशद्वार बांधलं आणि त्यातून आत येणारी मुलंच उरली नाहीत, तर आपणही खडूनं जमिनीवर ड्रॉइंग काढलं असं होईल.

म्हणून संयोजकांच्या परवानगीनं मी दुपारच्या सत्रासाठी फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवला आहे : ‘शाळेजवळ राहणाऱ्या आणि पुढच्या जूनमध्ये मूल पहिलीत घालणाऱ्या आई-वडिलांना ही शाळा हवीशी वाटावी, यासाठी काय करता येईल?’ प्रश्न चुकीचा वाटत असेल तर आधी तो बदलू. प्रत्येक खुर्चीवर तीन कोरे कागद आणि एक पेन्सिल आहे. शाळेत सध्या पहिलीला शिकवणाऱ्या दोन्ही बाई आणि आपले शिपाई मामा यांना मी आपल्याबरोबर बसायची विनंती केली आहे, कारण प्रवेशाची चौकशी करून परत जाणारे पालक गेटवर काय बोलतात, ते आपल्यापेक्षा त्यांनी जास्त ऐकलं आहे. पहिल्या दहा मिनिटांत कोणी बोलायचं नाही. आठवणीसुद्धा सांगायच्या नाहीत. नंतर शिपाई मामांपासून सुरुवात. ज्यानं निधीला सर्वांत मोठा चेक दिला आहे त्यानं सर्वांत शेवटी बोलायचं. तो कोण ते मला माहीत आहे, आणि तो आत्ता हसतो आहे. आज फक्त सुचवायचं, ठरवायचं पुढच्या रविवारी. आणि सर, बाई, तुम्हीही लिहायचं आहे. या वेळी कागद आम्ही गोळा करणार.

आणि हो, ‘पण’ म्हणणाऱ्यासाठी डबा दाराजवळ ठेवला आहे. पाच रुपयांची नाणी जवळ असू द्या.